बिनऔषधाचा कोबी

“बाई, माझ्या खिचडीत शेवई आली!” सोन्यानं ताटली वर उचलून दाखवली.

सोन्या साडेतीन वर्षांचा. त्याच्या ताटलीत कोबीच्या तुकड्याला चिकटून एक अळी होती, शिजून पांढुरकी पडलेली, शेवईएवढीच. बाकीची पोरं लगेच आपापल्या ताटल्यांत शेवया शोधायला लागली. ज्यांना सापडली नाही ती रुसली.

“मला पण शेवई!”

माझी आई त्यांची बाई. तिनं तो तुकडा दोन बोटांनी उचलला, बाहेर टाकला आणि म्हणाली, “संपली शेवई. आता खिचडी खा.”

तेवढ्यावर निभावलं असतं. पण सोन्याची आई, शालनकाकू, नेमकी तेव्हाच दारात येऊन उभी होती.

“रत्नाबाई, अहो अळी हाय ती!”

“होय. धुताना नजरेतून सुटली. माझं चुकलं.”

“आमच्या रानात एवढा कोबी पडलाय, पानाला भोक नाय. चार गड्डे पाठवते म्हटलं तर तुम्ही नको म्हणता. आन् पोरांना ह्या अळ्या खाऊ घालता?”

“शालन, तुमच्या कोबीवर औषध कधी मारलं?”

शालनकाकूनं जरा आठवलं. “परवा.”

“आणि तोडणार कधी?”

“उद्या. सगळेच तसं करत्यात की!”

“म्हणून नको म्हणते. ज्या कोबीवर अळी जगते तो माझ्या पोरांना चालतो. अळी मेलेली दिसली की मला भीती वाटते.”

“काय तरी बाई तुमचं! आता अळीला इचारून सैपाक करायचा.” शालनकाकू हसली, पण संध्याकाळपर्यंत अळीची गोष्ट गावभर झाली.

ही १९९७च्या जानेवारीतली गोष्ट. मी पाचवीत होते. आमचं शेवंतवाडी गाव जुन्नर तालुक्यात, चहूबाजूंनी टोमॅटो आणि कोबीची रानं. आई गावातल्या अंगणवाडीची सेविका. शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात होत्या, मधे फक्त हातपंप. मधल्या सुट्टीत मी बहुतेक तिच्या खिडकीशीच असायची. त्या दिवशीही होते.

तांदूळ आणि डाळ सरकारकडून यायची. भाजीचं ज्या त्या बाईनं बघायचं. गावात भाजीला तोटा नव्हता, कुणीही पाटीभर आणून दिली असती. पण आईनं हातपंपाचं सांडपाणी वळवून अंगणवाडीच्या मागे चार वाफे केले होते आणि पोरांच्या पोटात जायची ती भाजी त्यातलीच, असा तिचा हट्ट होता. आमच्याकडे पिकावर औषध मारणं हे दाढी करण्याइतकं नेहमीचं. माझे वडीलही, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, टोमॅटोवर आठवड्यातून दोनदा पंप फिरवायचे. त्यावर आई त्यांच्याशी भांडली नाही. “मोठ्या माणसाच्या अंगात जे जिरतं ते एवढ्याशा पोराच्या अंगात जिरत नाही,” इतकंच म्हणायची. वाफ्यांवर मात्र तिनं औषधाचा थेंब पडू दिला नाही.

तिची औषधाऐवजीची सोय अशी होती. सकाळची प्रार्थना झाली की पोरांना वाफ्यांत सोडायचं. पोरांनी कोबीच्या पानांखालच्या अळ्या वेचायच्या, पत्र्याच्या डब्यात टाकायच्या आणि डबा मदतनीस ठकूबाईच्या कोंबड्यांपुढे ओतायचा. ज्याच्या अळ्या जास्त, त्याला त्या दिवशी घंटा वाजवायला मिळायची. गावातली कितीतरी पोरं मोजायला शिकली ती अळ्यांवर.

आता पुण्यात माझ्या घराजवळच्या दुकानात ‘सेंद्रिय’ अशी चिठ्ठी लावलेला कोबी मिळतो. आई तो शब्द कधी वापरायची नाही. ती ‘बिनऔषधाचा’ म्हणायची.

अळीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, ती भाकऱ्या थापत होती. मी चुलीपाशी बसले होते. शाळेत दिवसभर मला ‘अळीवाल्या बाईची पोर’ म्हणून चिडवलं होतं, ते मी तिला सांगितलं नव्हतं.

“वैजू, परवा सोनटक्के मॅडम येणारेत,” ती म्हणाली. “बरोबर तालुक्याचे साहेब पण.”

सोनटक्के मॅडम म्हणजे मुख्यसेविका. आईसारख्या पंचवीस सेविकांवर देखरेख करणाऱ्या.

“कशाला?”

“तालुक्यातून एका सेविकेचं नाव वर पाठवायचंय, मुख्यसेविका करायला. मॅडमनी माझं सुचवलंय. साहेबांना एकदा बघायचंय.”

“तुला बघायला?”

“मला कशाला? वाफ्यांना.” ती हसली. “मॅडम म्हणाल्या, रत्नमालाबाई, तुमची परसबाग हाच तुमचा अर्ज.”

“मुख्यसेविका झालीस की काय करायचं?”

“पंचवीस अंगणवाड्या बघायच्या.”

“म्हणजे पंचवीस ठिकाणची खिचडी खायची?”

“खिचडी कसली खातेस! पंचवीस ठिकाणी वाफे करायचे.” तव्यावरची भाकरी उलटायची विसरून ती माझ्याकडे बघत होती. “बियाणं मी इथूनच नेईन. शेवगा तर फांदीनंच लागतो, नाही का?”

मी तिला काही मागताना कधी पाहिलं नव्हतं. सणाला साडी घेतली तरी ती अण्णांना म्हणायची, कशाला आणलीत. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कळलं की तिलाही काहीतरी हवं आहे.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी वाफे बघायला गेले. कोबीचे गड्डे चांगले धरले होते, पण बाहेरच्या पानांची पार चाळण झाली होती. पोरं कितीही अळ्या वेचोत, उरायच्याच. मी साहेबांच्या नजरेनं ती पानं पाहिली आणि मला लाज वाटली. शेजारच्या शालनकाकूच्या रानात कोबी कसा गुळगुळीत, चित्रातल्यासारखा दिसत होता.

अण्णा टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजाराला गेले होते. आई अंगणवाडीतच भिंतीवर तक्ते चिकटवत होती. मी घरी गेले. गोठ्यात आढ्याला टांगलेल्या पिशवीत औषधाची बाटली असायची. बादली उपडी करून तिच्यावर चढले आणि बाटली काढली. पंप मला उचलवत नव्हता, म्हणून शेणाच्या जागेवरचा खराटा घेतला. अण्णा एका पंपाला एक झाकण टाकायचे, हे मी पाहिलं होतं. मी एका बादलीला दोन टाकली. साहेब येणार होते.

आई तक्त्यांच्या कामातून घरी गेल्यावर मी मागच्या बाजूनं वाफ्यांत शिरले. खराटा बुडवायचा आणि झटकायचा. वारं होतं. निम्मं कोबीवर, निम्मं माझ्या पायांवर, हातांवर. एकदा तोंडावर उडालं, ते फ्रॉकनं पुसलं. मग हातपंपावर हात धुतले आणि घरी येऊन जेवले. औषधाचा वास कुणाला आला नाही, कारण आमच्या घराला तो कायमच असायचा, अण्णांच्या कपड्यांचा.

एक सांगायला हवं. दुसऱ्या दिवशीच्या खिचडीसाठी आईनं लाल भोपळा आणून ठेवला होता, ते मी आधी बघून घेतलं होतं. कोबी फक्त दाखवण्यापुरता होता. माझा हिशेब पक्का होता.

गुरुवारी सकाळी उठले तर डोकं जड झालेलं. तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. शाळेच्या मागे जाऊन एकदा उलटी केली आणि वर्गात येऊन बसले. कुणाला काही बोलले नाही. त्या दिवशी आईला कसलाही त्रास द्यायचा नव्हता.

अंगणवाडीत काय चाललं होतं ते ठकूबाईनं मला नंतर सांगितलं. सकाळी पोरं डबा घेऊन वाफ्यांत गेली तर अळ्या आपोआप पानांखाली पडलेल्या. “थंडीनं मेल्या बघा बाई,” ठकूबाई आईला ओरडून म्हणाली. आई आत पोरांची नखं तपासत होती. पोरांनी त्या डबा भरभरून कोंबड्यांना घातल्या. आणि ठकूबाईला वाटलं, एवढा निवडायला सोपा कोबी पुन्हा मिळायचा नाही. साहेबांना भोपळा काय खाऊ घालायचा? तिनं तीन गड्डे कापले. ठकूबाई दिवसभर तपकीर ओढायची, तिच्या नाकाला वास म्हणून कळत नव्हता.

मधली सुट्टी झाली. मी हातपंपाकडे निघाले आणि थांबले. ठकूबाईची तांबडी कोंबडी मातीत आडवी झाली होती. मान वाकडी, एक पंख जमिनीवर आपटत होता. दुसरी भिंतीला टेकून झोकांड्या देत होती. शेजारी तो पत्र्याचा डबा.

मग अंगणवाडीच्या खिडकीतून वास आला. शिजलेल्या कोबीचा.

मी धावले. आत दोन ओळींत चाळीस पोरं बसली होती, पुढ्यात वाफाळत्या ताटल्या, हात जोडलेले, डोळे मिटलेले. जेवणाआधीचा श्लोक चालला होता. भिंतीशी पाच-सहा आया, खुर्चीवर सोनटक्के मॅडम. साहेब अजून यायचे होते. आई पोरांच्या मधे उभी राहून श्लोक सांगत होती. मी तिचा पदर ओढला.

“श्लोक होऊ दे,” तिनं ओठ न हलवता सांगितलं.

“आई, कोबीवर मी औषध मारलंय. काल.”

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. पोरांकडे पाहिलं. एकेका तोंडाकडे. सोन्या एक डोळा उघडा ठेवून श्लोक म्हणायचा, आणि त्याचा एक घास नेहमी देवाच्या आधी जायचा. आई दोन ढांगांत त्याच्यापाशी पोचली, त्याचं तोंड उघडलं, बोट घालून घास बाहेर काढला आणि तिथल्या तिथे पदरानं त्याची जीभ पुसली. सोन्यानं मोठा सूर लावला.

“कुणी खाऊ नका. हात मागे! सगळ्यांनी हात मागे बांधा बघू. माझी बाळं ती.” तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. “ठकूबाई, ताटल्या उचला. पातेलंही घ्या. मागे खड्डा करून सगळं पुरायचं. जनावराला घालू नका. आणि पोरांचे हात साबणानं धुवा.”

“रत्नमालाबाई, हे काय?” मॅडम उठल्या. “साहेब एवढ्यात येतील!”

“मॅडम, ही खिचडी पोरांना द्यायची नाही. कोबीवर औषध पडलंय.”

“तुमच्या कोबीवर? कुणी मारलं?”

मी डोळे मिटून घेतले.

“माझ्याच घरातून मारलं गेलं,” आई म्हणाली. “जबाबदारी माझी.”

आयांमध्ये कुजबुज सुरू झाली. शालनकाकू सोन्याला कडेवर घेऊन म्हणाली, “वर्षभर आम्हाला शिकवत होत्या. आता बघा!”

आईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं माझा हात धरला होता, बहुधा मला बाजूला करायला. तो तिनं नाकाशी नेला. मग माझे केस हुंगले.

“कशानं मारलंस?”

“खराट्यानं.”

“तोंडाला काही बांधलं होतं?”

“नाही.”

“डोकं दुखतंय?”

“थोडं.”

“उलटी?”

“एकदाच झाली.”

तिनं मला उचललं. अकरा वर्षांची घोडी मी, आणि तिनं मला उचलून हातपंपावर नेलं, फ्रॉक काढून लांब फेकला आणि ठकूबाईला पंप हापसायला सांगून मला जानेवारीच्या गार पाण्याखाली साबणानं घासायला लागली. केस, कानामागे, नखांखाली. पुन्हा साबण, पुन्हा पाणी. मी कुडकुडत होते. मॅडम मागे येऊन काहीतरी बोलत होत्या. आईनं त्यांना काहीतरी उत्तर दिलं. पाण्याच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही.

मग तिची शाल, दुधाची गाडी, आणि खड्ड्याखड्ड्याला तिचा हात माझ्या कपाळावर.

“मला मारणार?” मी विचारलं.

“नंतर,” ती म्हणाली.

नंतर तिनं कधीच मारलं नाही.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. आई पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती. दर थोड्या वेळानं मला काहीबाही विचारायची. सातचा पाढा म्हण. बाबूमामाच्या म्हशीचं नाव काय? मला वाटलं ती माझं मन रमवतेय. खरं तर मी शुद्धीवर आहे ना, हे ती बघत होती.

“आई, साहेब?” दुपारी कधीतरी मी विचारलं.

“ते आलेच नाहीत. जीप बिघडली म्हणे. निरोप आला होता.”

मला इतकं हलकं वाटलं की मी झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी तिनं चारही वाफ्यांतलं सगळं उपटून पुरलं. कोबी, मुळा, मेथी, काहीच ठेवलं नाही. वरची मातीही खरवडून काढली. ठकूबाईच्या दोन्ही कोंबड्या मेल्या होत्या. तिनं माझ्या डोक्यावरून फक्त हात फिरवला. आईनं नुसती डाळ-तांदळाची खिचडी केली. चाळीसपैकी सहा पोरं आली. शनिवारी चार. आई रोजच्या इतक्याच ताटल्या मांडायची आणि रिकाम्या ताटल्या पुन्हा घासून ठेवायची.

सोमवारी शालनकाकू आली. सोन्याला तिनं ओळीत नेऊन बसवलं.

“वाढा.”

“शालन, भीती नाही वाटत?” आईनं विचारलं.

“वाटती की. पण आम्ही कोबीवर काय मारतो, कधी मारतो, बाजारात कुणाला सांगतो का? तुम्ही तर भरल्या पंगतीत सांगितलंत. तुमच्या मॅडम समोर बसल्या असताना.” ती सोन्याच्या गळ्याभोवती फडकं बांधत होती. “आता तुमच्या हातचं खायला भ्या कसलं? फक्त शेवया तेवढ्या निवडून टाका.”

आई हसली आणि मग वळून बराच वेळ पातेल्यात डाव फिरवत राहिली. आठवड्याभरात चाळिसाच्या चाळीस पोरं परत आली. वाफे नव्यानं भरायला दोन महिने लागले.

मार्चमध्ये नाव जाहीर झालं. दुसऱ्याच गावच्या बाईंचं. मी रडले. “वरून ठरतं ते,” आई म्हणाली. “आपल्याकडे साहेब आलेच नाहीत, त्यांनी बघायचं काय?” मला ते पटलं. त्या बिघडलेल्या जीपवर मी किती वर्षं मनातल्या मनात रागावले! पुढे ती एकोणीस वर्षं सेविका म्हणूनच राहिली आणि सेविका म्हणूनच निवृत्त झाली. माझी मुलगी तिच्या वाफ्यांतली पानं न धुता खायची. आई म्हणायची, खाऊ दे, तिथं मातीशिवाय काही नाही.

आई यंदा फेब्रुवारीत गेली. बाराव्याला माणसं येऊन गेल्यावर, दुपारी, काठी टेकत सोनटक्के मॅडम आल्या. पंच्याहत्तरी उलटलेली, पण आवाज तोच. मी त्यांना चहा दिला.

“तू वैजयंता ना? औषधवाली?”

“हो.”

“मोठी झालीस.” त्यांनी बशीत चहा ओतला. “तुझ्या आईवर मी वर्षभर रागावले होते, माहितेय? एवढं मी तिचं नाव लावून धरलं. हातपंपाशी तिला समजावलं, पोरगी पायावर उभी आहे, ठकूबाईबरोबर पाठवा दवाखान्यात. साहेब साडेबाराला येतायत. अर्धा तास थांबा, काय झालं ते सांगा, मीही सांगते. बाई निघाली ती निघालीच.”

मी चहाची किटली हातात धरून उभी होते.

“साहेब आले बरोबर साडेबाराला. सेविका जागेवर नाही, पोरं उपाशी, मागे ठकूबाई खड्डा खणतेय. तासभर बसले तिची वाट बघत. मग शेरा लिहिला, तपासणीच्या वेळी सेविका केंद्र सोडून गेल्या. संपलं. त्यानंतर मी दोनदा तिचं नाव पाठवलं, दोन्ही वेळा तो शेरा आडवा आला.”

ठकूबाईलाही आईनं हे मला सांगू नको म्हणून बजावलं असणार.

“काय म्हणाली होती ती तुम्हाला? हातपंपाशी?”

मॅडमनी बशी खाली ठेवली.

“म्हणाली, मॅडम, चाळीस पोरांच्या पुढचं मला ओतून टाकता आलं. हिच्या अंगात काय गेलंय ते ओतून टाकता येत नाही. मला जाऊ द्या.” त्यांनी बशी पुन्हा उचलली. मग माझ्याकडे पाहून एकदम चपापल्या. “अगं, तुला ठाऊक नव्हतं का हे? साहेब येऊन गेल्याचं? तिनं तुला सांगितलं नव्हतं? मी मेली उगाच—”

“सांगितलं होतं, मॅडम,” मी म्हणाले. “केव्हाच.”

“असं होय. मग बरं.” त्यांचा जीव भांड्यात पडला. “मला वाटलं, तिनं जपून ठेवलेलं मी बोलून बसले.”

मी त्यांच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला.